हैदराबादला तरी समुद्र कुठाय?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच विषय गाजतोय. भाची अकरावी सायन्सला आहे, एका पायाला कॅलिपर लावून चालते आणि तिला सागरविज्ञान शिकायचंय. थोरल्या काकांचा सवाल, "कोल्हापूरच्या पोरीला समुद्राशी काय करायचंय?" आत्याचं म्हणणं, जहाजावर चढणार कशी, मेडिकललाच बाद करतील. मी इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला राहतो, म्हणजे बंदराच्या गावात, म्हणून मला पंच नेमलंय. पंचानं बाजू घ्यायची नसते, पण मी घेणार.

आत्या ज्या मेडिकलबद्दल बोलते ते मर्चंट नेव्हीचं. तिथं नजर, रंगांची ओळख, हातपाय सगळं तपासतात, कारण जहाज चालवायचं असतं. सागरविज्ञान हा निराळा धंदा आहे. जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाची जवळपास चार हजार यंत्रं तरंगतात. दर दहा दिवसांनी ती दोन हजार मीटर खोलवर जाऊन येतात आणि पाण्याचं तापमान, क्षारता उपग्रहाला कळवतात. ही आकडेवारी कुणालाही फुकट मिळते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीत बसूनसुद्धा.

काकांसाठी उत्तर आणखी सोपं आहे. भारताचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून हैदराबादला चालतं, इन्कॉइस या संस्थेत. मच्छीमारांना मासळी कुठं सापडेल याचा सल्लाही तिथूनच जातो. हैदराबादला तरी समुद्र कुठाय? आपल्याला निदान आंबा घाट उतरला की रत्नागिरी.

तरीही पोरीनं पाण्यावर जायला हवंच. वारा काय करतो हे पडद्यावर कळत नाही. इथं इंग्लंडात तलावांवर अपंगांसाठी शिडाच्या छोट्या होड्या असतात, हान्सा नावाच्या. बसायची जागा खाली, तोंड पुढं, दोन पायांच्या मध्ये सुकाणूची दांडी, सगळे दोर हाताशी. तळाला वजनदार पाटा असतो, त्यामुळं होडी सहसा उलटत नाही. ज्याला चालता येत नाही त्याला पट्ट्याच्या झोळीत बसवून हातानं फिरवायच्या छोट्या क्रेननं अलगद आत सोडतात. क्रेन फिरवणारे बहुतेक पेन्शनर, थर्मासमधला चहा पीत गारठ्यात उभे. हिलरी लिस्टर या बाईंना मानेखाली काही हलवता येत नव्हतं. नळीत फुंकून आणि ओढून त्या शीड नि सुकाणू सांभाळायच्या. २००९ मध्ये त्यांनी असा एकटीनं ब्रिटनला वळसा घातला.

पण 'परदेशात बघा' म्हणून नाचायचं कारण नाही. व्हीलचेअरवाल्यांनाही खलाशी म्हणून घेणारं 'टेनेशियस' हे भलंमोठं शिडाचं जहाज इथं होतं. ते चालवणं परवडेना, २०२३ मध्ये त्याच्या सफरी थांबल्या. पॅरालिंपिकमधली शिडाच्या होड्यांची शर्यतही २०१६ च्या रिओनंतर वगळली गेली. मोठं, दिखाऊ ते आधी बुडतं. तलावावरच्या होड्या टिकून आहेत, कारण त्या स्वस्त आहेत आणि गावातल्या माणसांच्या आहेत. तालमीसारख्या.

कोल्हापुरात या चर्चेला लगेच फाटे फुटतात. कोण म्हणतो सुसज्ज वॉटर स्पोर्ट्स अकादमी काढा, कोण म्हणतो आधी रंकाळा तलावातलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढा. दुसऱ्याशी मी सहमत आहे. पण केंदाळ निघाल्यावर काय? घाटाच्या पायऱ्या उतरून होडीत पाय टाकणं धडधाकट माणसालाही कसरतीचं. कठडा असलेला एक उतार, पाण्याबरोबर वरखाली होणारा एक तराफा आणि व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह, एवढ्यावर सुरुवात होते. स्वच्छतागृहाचं कुणी बोलत नाही. पण ते नसेल तर पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्यांदा येत नाहीत. यात अपंग-धडधाकट असा फरक नाही.

दुसरी अडचण मुक्कामाची. शिकायची फी माफ करणाऱ्या योजना इंग्लंडातही आहेत, पण आठवडाभर किनाऱ्यावर राहायचा खर्च कोण देणार म्हणून गरिबाची पोरं गळतात, हे मी इथं पाहतो. हे दुखणं शाहू महाराजांनी १९०१ पासून ओळखलं होतं. नुसती शाळा काढून खेड्यातलं पोर शिकत नाही, त्याला राहायला जागा लागते, म्हणून त्यांनी जातोजातीच्या बोर्डिंगांना आधार दिला. शाहूंची नगरी म्हणून कमानी उभारण्यापेक्षा रत्नागिरीत तळमजल्यावर चार खोल्या घ्या. शिरोळ, गगनबावड्याच्या पोरांनी तिथं आठवडाभर राहून समुद्र शिकावा. खडकांवर वाकून शंख मोजणं सगळ्यांना जमणार नाही. पण धक्क्यावरून दोरीनं बाटली सोडून पाण्याचा नमुना घेणं, त्यातले जीव सूक्ष्मदर्शकाखाली बघणं भाचीला जमेल, आणि काकांनाही.

तिनं स्वतः ग्रुपवर फक्त एकदाच लिहिलं. गोव्यातल्या समुद्रविज्ञान संस्थेत कुठल्या पदवीनंतर काम करता येतं, आणि तिथं राहायची सोय कुठं होते? पहिल्याचं उत्तर मी शोधून पाठवलंय. दुसऱ्यासाठी काकांनी पणजीतल्या त्यांच्या मित्राला फोन लावावा.