तिकिटं तयार आहेत, बायकाच उभ्या राहत नाहीत?

निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो: बायकांना राजकारणात रस नसतो, पक्ष तिकिटं घेऊन बसलेत पण महिला उमेदवार मिळत नाहीत, आणि आरक्षणातून निवडून आल्या तरी कारभार नवराच बघतो.

रस नसतो? १९८९ साली, ३३ टक्के आरक्षणाचा कायदा यायच्या आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने ग्रामपंचायतींना पूर्ण महिलांची पॅनेलं उभी केली. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळचं मेटीखेडा अशा गावांत ती निवडूनही आली. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनापासून त्यांच्यामागे संघटना होती आणि अर्ज कुणालाच एकटीने भरायचा नव्हता. बाई उभी राहते की नाही, हे बरंचसं इथंच ठरतं.

‘उमेदवार मिळत नाहीत’ हे तर सरळ खोटं आहे. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, म्हणजे कारभार केलेल्या बायका प्रत्येक तालुक्यात आहेत. तरी २०२४ च्या विधानसभेला ४,१३६ उमेदवारांत महिला होत्या ३६३, आणि २८८ पैकी निवडून आल्या २१. जिंकू शकत नाहीत म्हणावं, तर मुंबई महापालिकेचा अनुभव उलटा आहे. १९९७ ला महिलांसाठी राखीव असलेले जे वॉर्ड २००२ ला खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या जवळपास पाचपट होती, असं राज्यशास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी दाखवलं आहे. एकदा संधी मिळाली की पुढच्या वेळी ती आरक्षणाशिवायही जिंकू शकते.

नवरा कारभार बघतो, हे अनेक गावांत खरं आहे आणि ते संतापजनक आहे. पण मग तिला रस नाही हे कुणी ठरवलं? ग्रामसभा कशी चालवायची, ग्रामसेवकाकडून काम कसं करून घ्यायचं हे कळेपर्यंत पाच वर्षं संपतात, आरक्षण फिरतं आणि घरातून ऐकू येतं, “आता तू थांब.” विधानसभेला तर १०,००० रुपये अनामत आणि ४० लाखांपर्यंत खर्चाची मुभा. सातबारा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असताना हा पैसा तिने कुठून उभा करायचा?

मजकूर पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: तुमच्या तालुक्यातल्या किती माजी महिला सरपंचांना पक्षाने खुल्या जागेसाठी स्वतःहून विचारलं?