रात्रीचे २ वाजून ५५ मिनिटं

"पहिलं महायुद्ध अटळच होतं." सकाळपासून हा मेसेज तीन ग्रुपांवर आला. अटळ म्हटलं की सगळे सुटले. कुणी काय करायला हवं होतं, हे विचारायलाच नको!

साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला, गोळ्या घातल्या २८ जून १९१४ ला. ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला. मधला अख्खा महिना फक्त तारा धावत होत्या.

त्यातली एक रात्र बघा. २९ जुलै, बर्लिन. जर्मन चान्सलर बेथमान होल्वेग ब्रिटिश राजदूताला बोलावून सौदा मांडतो: तुम्ही तटस्थ राहा, फ्रान्सची युरोपातली जमीन आम्ही घेणार नाही. इंग्लंड बाजूला राहील यावरच त्याची सगळी मदार. तेवढ्यात लंडनहून जर्मन राजदूत लिखनोव्स्कीची तार हातात पडते. परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी त्याला सांगितलेलं असतं की जर्मनी आणि फ्रान्स यात ओढले गेले, तर इंग्लंडला फार काळ बाजूला उभं राहता येणार नाही. बेथमानच्या पायाखालची जमीन सरकते. पहाटे २ वाजून ५५ मिनिटांनी ऑस्ट्रियाच्या राजधानीला, व्हिएन्नाला तार जाते, पाच मिनिटांनी दुसरी. मध्यस्थी मान्य करा, आमचा सल्ला न ऐकता आम्हाला जागतिक वणव्यात ओढू नका.

म्हणजे दटावणीचा उपयोग झाला! जो माणूस तीन आठवडे व्हिएन्नाला पुढे ढकलत होता, त्याने एका तारेवर लगाम खेचला. फक्त तोवर ऑस्ट्रियाने युद्ध पुकारून दीड दिवस होऊन गेला होता, सर्बियाची राजधानी बेलग्रेडवर तोफा डागून झाल्या होत्या.

ग्रे यांचं हेच वाक्य २४ जुलैला का नाही बोललं गेलं? त्या दिवशी लंडनच्या मंत्रिमंडळात आयर्लंडच्या दोन परगण्यांच्या हद्दीवर खल चालला होता. शेवटी शेवटी ग्रे यांनी ऑस्ट्रियाने सर्बियाला दिलेल्या निर्वाणीच्या खलित्याचा मजकूर वाचून दाखवला. ४८ तासांची मुदत. २६ ला त्यांनी चार देशांची परिषद सुचवली, बर्लिनने ती झटकून टाकली. ताकीद नसलेली सूचना झटकायला काय लागतं?

बरं, मान्य. बहुतेक मंत्री युद्धात पडायला तयार नव्हते, पुढे मोर्ले आणि बर्न्स यांनी राजीनामेही दिले. ग्रे लवकर गरजले असते तर कदाचित मंत्रिमंडळच फुटलं असतं. आणि सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाला चेव आला असता, हेही खरं. रशियाचा परराष्ट्रमंत्री सॅझोनोव्ह २४ जुलैपासूनच ब्रिटिश राजदूताच्या मागे लागला होता, आमच्या बाजूने उभे राहा म्हणून. पण मग दोघांनाही एकाच दिवशी सांगायचं होतं: बर्लिनला, की फ्रान्सवर हल्ला केलात तर आम्ही उतरू, रशियाच्या तेव्हाच्या राजधानीला, पीटर्सबर्गला, की आधी सैन्य हलवलंत तर आमच्यावर विसंबू नका.

ग्रे वाईट माणूस नव्हता. दृष्टी अधू होत चाललेली, मनाने शांततावादी. त्याला कुणाचाच विश्वास तोडायचा नव्हता. म्हणून कुणालाच नीट काही सांगितलं नाही.

पुन्हा त्या २:५५ कडे येतो. ती तार व्हिएन्नाला पोचली तेव्हा थांबायची जागासुद्धा तयार होती. खलित्याला सर्बियाने दिलेलं उत्तर वाचून जर्मन सम्राट कैसरनेच २८ ला लिहिलं होतं की युद्धाचं कारण उरलं नाही, बेलग्रेड ताब्यात ठेवून थांबा. सरहद्दीवरचं शहर ते, नदी ओलांडली की आलंच. पण ३० ला रशियाच्या झारने सैन्याच्या सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम दिला आणि जर्मन सरसेनापती मोल्टकेने परस्पर व्हिएन्नाला कळवलं, तुम्हीही सैन्य जमवा. बर्लिनमध्ये राज्य कोणाचं, चान्सलरचं की सेनापतीचं, असा प्रश्न ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्याला पडला. एकदा रेल्वेची वेळापत्रकं सुरू झाली की तारेला कोण विचारतो? पाच दिवस आधी ती सुरू झालेली नव्हती. माझा राग या पाच दिवसांवर आहे.

आणि हे तिकडचं भांडण, आपल्याला काय, असं म्हणू नका. इंग्रजांच्या हिंदी फौजेतली, पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन आजच्या इराकमधल्या कुट-अल-अमारात जवळजवळ पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात अडकली. मराठा पलटणी होत्या त्यात. रेशन घटत गेलं, मग घोडे कापले. कित्येकांनी धर्मापायी ते मांस खाल्लं नाही आणि खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मग वाळवंटातून चालत नेलं, वाटेत माणसं पडत गेली. त्यांच्या घरच्यांना सांगा, अटळ होतं म्हणून.