‘अठरा पूर्ण झाली की क्रूझवर वेगळी केबिन’: या फॉरवर्डवर विसंबून पैसे भरू नका

सुट्ट्या जवळ आल्या की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: मूल १८ वर्षांचं झालं की सज्ञान, त्यामुळे क्रूझवर त्याला स्वतंत्र केबिन घेता येते. २१ वर्षांची अट असते ती फक्त दारूसाठी. सोबत काका, मावशी, आत्या असं कुणी मोठं असलं की प्रश्नच मिटला. बाकी सगळं एजंट बघून घेतो.

यातलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे खरं आहे, म्हणून तर ते पटकन पटतं. पण अमेरिकेतल्या बंदरातून जहाजावर चढणाऱ्यांची त्यावर विसंबून फसगत होऊ शकते. त्यातही आपल्याकडून तिथे शिकायला गेलेल्या मुलांची. ही मुलं एकोणीस-वीस वर्षांची असतात, आईवडील पुण्यात किंवा नाशकात, आणि डिसेंबरच्या सुट्टीत न्यू जर्सीची मावशी म्हणते, चल आमच्याबरोबर बहामाला. फॉरवर्डमधला नियम नेमका याच मुलांच्या बाबतीत चुकतो.

आधी ‘सज्ञान’ या मुद्द्याबद्दल. भारतात १८७५च्या कायद्याने सज्ञान होण्याचं वय १८ आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही तेच आहे, अलाबामासारख्या एखाद्या राज्यात ते १९ आहे. पण केबिन कुणाला द्यायची हे या कायद्यांवरून ठरत नाही. तिकीट काढताना आपण कंपनीशी करार करतो आणि किमान वयाची अट त्या करारातली असते. अमेरिकेत गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या पंचविशीच्या आतल्या चालकाकडून जादा पैसे घेतात, तसाच हाही कंपनीने स्वतः ठरवलेला नियम. चेक-इनच्या खिडकीवर ‘मी सज्ञान आहे’ हे पासपोर्ट दाखवून सिद्ध करता येईल, पण तिथे मुद्दा तो नसतोच.

आता ‘२१ची अट फक्त दारूसाठी’ हे वाक्य. अमेरिकेत १९८४च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळीकडे दारूचं वय २१ झालं हे खरं. पण केबिनची अट वेगळी लिहिलेली असते आणि जो थेंबभरही पीत नाही त्यालाही ती लागू होते. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा नियम बघा. उत्तर अमेरिकेतून निघणाऱ्या सफरीत २१ वर्षांखालच्या प्रवाशाच्या केबिनमध्ये २१ पूर्ण झालेली एक तरी व्यक्ती असावी लागते. त्याच कंपनीची सफर युरोप, आशिया किंवा ऑस्ट्रेलियातून निघत असेल तर हे वय १८ आहे. ‘सिम्फनी ऑफ द सीज’ हे त्यांचं जहाज २०१८च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाहून फिरत होतं आणि नोव्हेंबरात मायामीला आलं. जहाज तेच, केबिन त्याच. पण बार्सिलोनात चढणाऱ्या एकोणीस वर्षांच्या दोन मैत्रिणींना जी केबिन मिळाली असती, ती मायामीत मिळाली नसती.

फॉरवर्डवर लोकांचा विश्वास का बसतो, हेही यातून कळतं. आपल्याकडचे बरेच जण पहिली क्रूझ सिंगापूरहून करतात, काही जण युरोपच्या टूरला जोडून. तिथे एकोणीस वर्षांच्या भाचीला वेगळी केबिन मिळालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. त्यांचा अनुभव खोटा नाही. तो अमेरिकेतल्या बंदराला लागू पडत नाही, एवढंच. उलट टोकही गाठू नये. अमेरिकेतून निघणारं प्रत्येक जहाज २१च मागतं असंही नाही. व्हर्जिन व्हॉयेजेस ही क्रूझ कंपनी फक्त प्रौढांसाठी आहे आणि तिची अट १८ची आहे. त्यामुळे एकाच बंदरात उभ्या असलेल्या दोन जहाजांचे नियमसुद्धा वेगळे असू शकतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘सोबत नातेवाईक आहेत ना’ इथे.

मोठ्या माणसाने जहाजावर असणं वेगळं आणि त्याच केबिनमध्ये असणं वेगळं. रॉयल कॅरिबियन यात सवलत देते, पण ती आईवडील किंवा कायदेशीर पालक बरोबर असतील तर. मग मुलं शेजारच्या किंवा आतून जोडलेल्या केबिनमध्ये राहू शकतात. २१च्या आतलं जोडपं विवाहित असेल तर त्यांनाही सूट आहे, लग्नाचा पुरावा मात्र दाखवावा लागतो. या यादीत मावशी नाही, काका नाही. आपल्या घरात मावशीचा शब्द आईइतकाच चालत असेल, पण ती कायदेशीर पालक नाही. तिच्यासोबत जाणाऱ्या वीस वर्षांच्या भाचीच्या केबिनमध्ये कागदोपत्री २१ पूर्ण झालेलं कुणीतरी लागतंच.

मग मोठं म्हणजे किती मोठं? इथेही कंपनीनुसार फरक पडतो. रॉयल कॅरिबियनला २१ पूर्ण पुरेसं आहे, म्हणजे बावीस वर्षांची चुलत बहीणही चालते. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीत २१च्या आतल्या प्रवाशाची जबाबदारी घेणारा नातेवाईक किंवा पालक २५ पूर्ण असावा लागतो. तिथे ती बावीस वर्षांची बहीण पुरत नाही. ‘ताई आहे ना बरोबर’ म्हणून निघालेल्या भावंडांनी बुकिंगआधी हेच तपासायला हवं.

समजा काका, काकू, त्यांची बावीस वर्षांची मुलगी, वीस वर्षांचा पुतण्या आणि एकोणीस वर्षांची भाची असे पाच जण न्यू जर्सीतल्या बायोनच्या बंदरातून रॉयल कॅरिबियनने निघाले आहेत. काका-काकू एका केबिनमध्ये, दोघी मुली दुसऱ्या आणि पुतण्या तिसऱ्या, ही आपल्याला सहज सुचणारी मांडणी. त्यात मुलींची केबिन नियमात बसते, पुतण्याची नाही. काका आणि पुतण्या एका केबिनमध्ये, काकू आणि दोघी मुली दुसऱ्या केबिनमध्ये, असं केलं की दोन केबिनमध्ये काम भागतं. मात्र तीन किंवा चार जणांच्या केबिन मोजक्या असतात आणि लवकर संपतात. म्हणून कोण कुठे झोपणार हे पैसे भरण्याआधी ठरवावं.

बरोबर सतरा वर्षांचं भावंड असेल तर आणखी एक कागद लागतो. आईवडील सोबत नसताना अल्पवयीन मुलाला नेणाऱ्या नातेवाइकाकडे पालकांचं नोटरी केलेलं मूळ पत्र मागितलं जातं. मुलाला या सफरीवर न्यायला आणि गरज पडल्यास त्याच्यावर उपचार करून घ्यायला संमती आहे, असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. भारतातून ते वेळेवर पोचवायचं तर आधीच तयारीला लागायला हवं.

‘एजंट बघून घेतो’ याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. एजंट बहुतेक वेळा एवढंच करतो की प्रत्येक केबिनमध्ये एकेका मोठ्या माणसाचं नाव टाकतो. नंतर आत गेल्यावर घरातली माणसं आपापसांत जागा बदलतात. अनेक कुटुंबं असं करतात आणि त्यांना कुणी अडवतही नाही. पण ज्याचं नाव ज्या केबिनवर, ती जबाबदारी त्याची. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाली, त्यानंतर जहाज निघण्याच्या वेळीच प्रवाशांना आपत्कालीन सराव देणं बंधनकारक झालं. संकटात कुणी कुठे जमायचं ते केबिनप्रमाणे नेमून दिलेलं असतं. तेव्हा जागा बदललीच तर ज्याने त्याने जहाजावर मिळालेल्या स्वतःच्या कार्डावरचं ठिकाण पाठ ठेवावं. आणि ‘वय थोडं वाढवून टाकू’ असं सांगणारा एजंट भेटला तर दुसरा एजंट शोधा. पासपोर्टवर जन्मतारीख असते. वय जुळलं नाही तर जहाजावर घेतलं जात नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

शिकायला गेलेल्या मुलांसाठी गैरवर्तनाची जोखीमही इतरांपेक्षा मोठी आहे. कंपनी अशा प्रवाशाला पुढच्या बंदरावर उतरवू शकते. भारतीय पासपोर्ट आणि विद्यार्थी व्हिसा घेऊन बहामातल्या नसाऊला उतरवलेल्या मुलासमोर परत अमेरिकेत शिरण्याचा प्रश्न असतो. सरळ सफरीतसुद्धा व्हिसा आणि आय-२० (कॉलेजने विद्यार्थ्याला दिलेला प्रवेशाचा कागद) यावरची प्रवासासाठीची कॉलेजची सही निघण्यापूर्वी बघून घ्यावीच लागते.

माझं मत विचाराल तर वीस वर्षांच्या मुलीला एकटीने हजारो मैल दूर राहून शिकता येतं आणि चार रात्री स्वतंत्र केबिनमध्ये झोपता येत नाही, हे मला पटत नाही. पण तो वाद बोर्डिंगच्या रांगेत जिंकता येत नाही, आणि हरल्यावर नुकसान त्या मुलीचंच होतं.

एक शेवटचा मुद्दा वाढदिवसाचा. ‘प्रवासातच २१ पूर्ण होतात, मग चालतं’ असंही त्या मजकुराखाली कुणीतरी जोडलेलं असतं. चालत नाही. केबिनसाठी वय मोजलं जातं ते जहाजावर चढण्याच्या दिवशी. वाढदिवस दहा डिसेंबरला आणि जहाज आठला निघत असेल, तर पंधराची सफर बघा, नाहीतर आठच्या बुकिंगमध्ये आत्याचं नाव त्याच केबिनवर घाला.