लिनक्सवर बाहेरचं ॲप टाकलं की बिघाड ठरलेला? नाही.

लिनक्सबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरत असतो: ‘डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीत आहे तेवढंच वापरा. बाहेरचं ॲप टाकलं की पुढच्या अपडेटला ते बंद पडणार, नाहीतर सिस्टिमच गंडणार. वर त्याच्या सुरक्षिततेची खात्री कोण देणार?’ (डिस्ट्रो म्हणजे उबुंटू, फेडोरा, आर्च अशी लिनक्सची तयार आवृत्ती, आणि रिपॉझिटरी म्हणजे तिचा स्वतःचा ॲपसाठा.) सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण नवखी माणसं त्याने विनाकारण धास्तावतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

‘अपडेट आलं की ॲप बंद पडतं.’ अपडेट नेमकं कशाचं, हे आधी विचारायला हवं. चालू प्रोग्रॅम मोडेल असा बदल कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, करायचा नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक नियम आहे. त्याच्या वरची सी लायब्ररी (प्रोग्रॅमांना लागणारा सामायिक कोड), म्हणजे जीलिबसी, आपल्या फंक्शनांची जुनी रूपंही नव्या आवृत्तीत जपून ठेवते. त्यामुळे जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर सहसा चालतो. उलट केलं, म्हणजे नव्यावर बांधलेला जुन्यावर चालवला, तर मात्र ‘जीलिबसी २.३४ सापडलं नाही’ अशा धर्तीचा एरर येतो. खरी पडझड होते ती याच्याही वरच्या थरात. उबुंटू २२.०४ मध्ये एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल १.१ जाऊन ३.० आलं, आणि १.१ वर विसंबलेली ॲप्स तिथे सुरूच होईनात. ती बाहेरची होती म्हणून हे झालं नाही. डिस्ट्रो जी लायब्ररी कधी ना कधी बदलणारच, ती सोबत न घेता ॲप्स बांधली होती, म्हणून झालं.

सोबत घेतली की काय होतं, ते ब्लेंडर या थ्रीडी ॲपमध्ये पाहा. अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवायची, उलगडायची आणि आतला प्रोग्रॅम चालवायचा. इन्स्टॉल असं काही नाहीच. ४ मालिकेतल्या आवृत्त्यांना जीलिबसी २.२८ पुरतं, आणि ते २०१८ मधलं आहे. बाकीच्या बहुतेक लायब्ररी त्याच फोल्डरमध्ये असतात. दोन आवृत्त्या दोन फोल्डरांत ठेवल्या तर दोन्ही चालतात, आणि डिस्ट्रो अपग्रेड झाली तरी त्यांना सहसा धक्का लागत नाही. फ्लॅटपॅक ही कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारी पॅकेज-पद्धत हेच काम रनटाइमच्या, म्हणजे लायब्ररींच्या तयार संचाच्या, आधाराने करते. फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाचा नवा रनटाइम दरवर्षी ऑगस्टमध्ये येतो, जुन्याला दोन वर्षं आधार असतो, आणि एकाच मशीनवर वेगवेगळी ॲप्स वेगवेगळ्या रनटाइमवर चालू शकतात. याची किंमत आहेच: सोबत बांधलेल्या लायब्ररीत सुरक्षेची भेग सापडली, तर ती बुजवायची जबाबदारी ॲप बांधणाऱ्यावर येते. तो ढिला असेल तर भेग तशीच राहते.

अपवादही घडले आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये जीलिबसी २.३६ बांधताना एक जुनी हॅश पद्धत वगळली गेली आणि ईझी अँटी-चीट ही गेममधली फसवणूक रोखणारी यंत्रणा वापरणारे गेम आर्चवर बंद पडले. आर्चला ती पद्धत परत आणावी लागली. उबुंटू २२.०४ मध्ये फ्यूजची जुनी लायब्ररी आधीपासून बसवलेली नसल्याने तिच्यावर विसंबलेल्या ॲपइमेज फाइली (एका फाइलीत अख्खं ॲप) उघडेनात. त्रास खरा होता, पण दोन्हीकडे बदल सिस्टिमच्या बाजूने झाला होता.

‘स्टीम टाकलं आणि सगळा डेस्कटॉप उडाला, व्हिडिओच आहे ना!’ आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं ॲप टाकायला घेतलं, एपीटी या पॅकेज टाकणाऱ्या साधनाने दिलेल्या इशाऱ्याला होकार टाइप केला आणि डेस्कटॉपची पॅकेजेसच निघून गेली. पण ते स्टीमचं पॅकेज डिस्ट्रोच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून आलं होतं, आणि गोंधळ तिथल्या अवलंबित पॅकेजांचा होता. बाहेरच्या ॲपविरुद्ध हा पुरावा कसा होतो? उलट फ्लॅटपॅकमधून टाकलेलं ॲप सिस्टिमच्या पॅकेजांना हातच लावत नाही.

‘रिपॉझिटरीतलं ते भरवशाचं.’ पुष्कळदा हो. डेबियन या डिस्ट्रोचे मेंटेनर (पॅकेजं सांभाळणारे) वर्षानुवर्षं जे काम करतात त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण डिस्ट्रोने पॅकेज केलं म्हणून ते मूळ निर्मात्याच्या पॅकेजपेक्षा चांगलंच असेल, असं नाही. फेडोराने स्वतः बांधलेलं ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या ॲपचं फ्लॅटपॅक नीट चालत नव्हतं आणि तक्रारी येत होत्या मूळ डेव्हलपरांकडे. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या स्टोअरवरचं त्यांचं अधिकृत पॅकेज मात्र ठीक होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे प्रकरण कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यापर्यंत गेलं, मग समेट झाला. म्हणून ‘आतलं की बाहेरचं’ यापेक्षा ‘हे कोणी बांधलं आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘बाहेरचं ते असुरक्षित.’ या दाव्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे. उबुंटूच्या स्नॅप स्टोअरवर २०१८ मध्ये लपून क्रिप्टो मायनिंग करणारी ॲप्स सापडली. आर्चच्या एयूआर या वापरकर्त्यांच्या रिपॉझिटरीत जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या नावांचा आधार घेऊन मालवेअर टाकलं गेलं. एयूआरमध्ये कोणीही स्क्रिप्ट टाकू शकतो, नाव रिपॉझिटरी असलं तरी. पण रिपॉझिटरीची वाटही अभेद्य नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनातलं बॅकडोअर, म्हणजे लपवलेला चोरदरवाजा, डेबियनच्या अस्थिर शाखेपर्यंत पोचलंच होतं.

तेव्हा फ्लॅटहबवर ॲपच्या नावापुढे ‘व्हेरिफाइड’ची खूण आहे का, ते बघा; ॲप मूळ निर्मात्याच्या ताब्यात असल्याची ती पडताळणी असते. मग परवानग्या बघा. ‘फाइलसिस्टिम्स’समोर ‘होस्ट’ दिसलं, तर ते ॲप तुमच्या जवळपास सगळ्या फाइली वाचू-लिहू शकतं आणि सँडबॉक्स, म्हणजे ॲपला वेगळं ठेवणारं कुंपण, नावालाच उरतो. फ्लॅटसील नावाच्या ॲपमधून ती परवानगी काढून टाकता येते.