मेटफॉर्मिन ‘९० टक्के चांगले जंतू मारते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी आतड्यातले ९० टक्के चांगले जंतू मारते, हे डीएनए तपासणीत सिद्ध झालंय; म्हणूनच शुगर कधी बरी होत नाही; ॲलोपॅथीची सगळीच औषधं असं करतात; तेव्हा गोळी बंद करा, २१ दिवस प्रोबायोटिक (जिवंत ‘चांगल्या’ जंतूंची) पावडर घ्या. खाली पावडर मागवायला फोन नंबर. हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिनं कुणाला न सांगता गोळी सोडली. शिलाई मशीनच्या खणात न फोडलेल्या स्ट्रिप्स सापडल्या, तोवर तिची उपाशीपोटीची साखर कुठच्या कुठे गेली होती. मला याचा संताप आलाय, आणि तो लपवायचा नाहीये.

आधी ते ‘डीएनए तपासणीत सिद्ध’. ही तपासणी कशी होते ते बघा. शौचाचा नमुना बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळतात, म्हणजे जंतूंची आवरणं फुटून डीएनए बाहेर येतो. मग बहुतेक वेळा १६एस नावाच्या एकाच जनुकाच्या पीसीआर या पद्धतीनं असंख्य प्रती काढतात. हे जनुक सगळ्या जिवाणूंत असतं, पण त्याचे काही भाग वेगवेगळ्या जिवाणूंत वेगळे असतात. त्यावरून कोण कोण आहे ते ओळखतात. हाती येते ती टक्केवारी, आणि बेरीज कायम शंभर. निवडणुकीत एखाद्या पक्षाच्या मतांचा टक्का घसरला म्हणून त्याचे मतदार मेले असं आपण म्हणतो का? दुसऱ्याची मतं वाढली तरी टक्का घसरतोच. तसंच इथे. एखाद्या जंतूचा वाटा ४० वरून २० वर आला, तर तो कमी झाला असेल, नाहीतर तो तेवढाच राहून बाकीचे वाढले असतील. एका ग्रॅममध्ये जंतू किती हे हवं असेल तर क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी पद्धत) किंवा फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) वापरून वेगळं मोजावं लागतं. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही वाचला जातोच, त्यामुळे जिवंत कोण आणि मेलेला कोण हे या तपासणीतून कळत नाही. मग ‘९० टक्के मारले’ आलं कुठून? मेसेजमध्ये ना अभ्यासाचं नाव, ना साल.

मेटफॉर्मिननं आतड्यातले जंतू बदलतात, एवढं मात्र खरं आहे. २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ७८४ नमुन्यांच्या डीएनएचा अभ्यास आला. मधुमेहामुळे होतात असं समजले गेलेले जंतूंमधले काही फरक प्रत्यक्षात या गोळीचे होते, हे त्यातून दिसलं. पण बदल म्हणजे नाश नव्हे. २०१७ चा ‘नेचर मेडिसिन’मधला अभ्यास तर मेसेजच्या बरोब्बर उलटं सांगतो. आधी औषध न घेतलेले मधुमेही, २२ जणांना मेटफॉर्मिन, १८ जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, कुणाला काय दिलंय हे रुग्णाला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. चार महिन्यांत मेटफॉर्मिनवाल्यांचे जंतू बदलले. मग त्यांच्या विष्ठेतले जंतू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत सोडले, तर उंदरांची साखर हाताळण्याची क्षमता सुधारली. म्हणजे ज्या बदलाची भीती घातली जातेय, तो गोळीच्या गुणाचाच एक भाग असावा. आणि हे वाचून माणसं गोळी सोडतात! गोळी सोडली की यकृतातून रक्तात येणारी साखर पुरेशी आवरली जात नाही, ती चढत जाते. डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा हळूहळू भरडल्या जातात, आणि सुरुवातीला दुखत काहीच नाही. मावशीलाही काही जाणवलं नव्हतं.

‘म्हणूनच शुगर बरी होत नाही’ हे तर निव्वळ बनवलेलं वाक्य आहे. टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि स्वादुपिंड थकत जातं. गोळी सुरू होण्याआधीच हे घडलेलं असतं.

‘सगळीच औषधं’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करते. जर्मनीत हायडलबर्गच्या ईएमबीएल या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हजारावर औषधं आतड्यातल्या ४० जंतूंवर तपासली. माणसाच्या पेशींवर काम करणाऱ्या औषधांपैकी २४ टक्क्यांनी निदान एका जंतूची वाढ रोखली. पण हे प्रयोगशाळेतल्या द्रावात, पोटात नव्हे. आणि २४ टक्के म्हणजे सगळी नव्हेत. खरी काळजी करायची तर अँटिबायोटिकची करा, सर्दी झाली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतो त्यांची.

पावडरीचं म्हणाल, तर २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जंतू, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. आणि पावडर विकतात ती मात्र ‘चांगले जंतू परत येतात’ असं भासवून.

मेटफॉर्मिननं काहींना जुलाब होतात, गॅस होतो. मग जेवणाबरोबर घ्या, डॉक्टरांना हळू विरघळणाऱ्या गोळीबद्दल विचारा. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, ते खरोखर कमी होऊ शकतं. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.