ग्रँड कॅन्यनला जाताय? मुक्काम कुठे आहे ते आधी विचारा

अमेरिकेच्या वेस्ट कोस्टची टूर बुक करायला निघालेल्या पार्ले-मुलुंडच्या तमाम मंडळींना माझं एकच सांगणं आहे. जेवणात वरणभात आहे का हे नंतर विचारा, रात्रीचा मुक्काम कुठे आहे ते आधी विचारा.

जाहिरातीत नुसतं 'ग्रँड कॅन्यन' लिहिलेलं असतं. लास व्हेगासहून एका दिवसात जाऊन-येऊन बऱ्याचदा दाखवतात तो वेस्ट रिम, म्हणजे या दरीचा पश्चिमेकडचा काठ. 2007 साली उघडलेला काचेचा स्कायवॉक तिथलाच. ती जमीन हुआलापाई आदिवासींची, नॅशनल पार्कात ती येतच नाही. जागा वाईट नाही, पण ज्या फोटोंना भुलून आपण चेक फाडतो ते बहुतेक साउथ रिमचे असतात, आणि तो तिथून गाडीने चारेक तास लांब!

बरं, साउथ रिमला नेलं तरी व्हेगासहून निघालेली बस पोचते भर दुपारी. डोक्यावर ऊन असलं की सगळी दरी सपाट, फिकट दिसते. आमचा सुदैवाने काठाजवळच मुक्काम होता. ऊन कलायला लागल्यावर एकेका कड्याची सावली शेजारच्या कड्यावर चढू लागली आणि मगाशी एकसारखे वाटणारे थर सुटे सुटे दिसायला लागले: पांढुरका, विटकरी, मग हिरवट करडा. काठाची उंची साधारण 2,100 मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या कितीतरी वर. वाळवंटात कसली थंडी म्हणणारे काका बायकोची शाल पांघरून उभे होते. पायाखालचा सगळ्यात वरचा थर सुमारे 27 कोटी वर्षांचा. आपल्या अंधेरीची गिल्बर्ट हिल साडेसहा कोटींची, म्हणजे त्याच्यापुढे शेंडेफळच.

समोरच्या शिखरांची नावं विष्णू टेम्पल, शिवा टेम्पल, ब्रह्मा टेम्पल आहेत हे कळल्यावर बसमध्ये मोरयाचा गजर झाला. देऊळबिऊळ काही नाही हो! क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पौर्वात्य पुराणांतून नावं द्यायचा पायंडा पाडला, एवढंच. दरीच्या तळाच्या पावणेदोनशे कोटी वर्षांच्या खडकालाही विष्णू शिस्टच म्हणतात.

बसच्या टूरला मेंढरांचा कळप म्हणून नाकं मुरडणाऱ्या तरुण मंडळींशी मात्र मी सहमत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने उजव्या बाजूने तासन्‌तास गाडी हाकावी कशाला? झायन नॅशनल पार्कच्या मुख्य दरीत तर वर्षातला बराच काळ खाजगी गाड्या नेताच येत नाहीत, पार्कच्या शटलनेच फिरावं लागतं. अँटिलोप कॅन्यन या चिंचोळ्या घळीतही नावाहो आदिवासींच्या गाइडशिवाय प्रवेश नाही. तिथे आमच्यातले काही जण कुरकुरले, ऊन पडलंय तर पावसाच्या नावाने टूर रद्द कशाला करतात म्हणून. 1997 च्या ऑगस्टमध्ये पाऊस काही मैल लांब पडला होता, लोंढा मात्र या घळीत शिरला आणि 11 पर्यटक गेले. गाइड थांबा म्हणाला की थांबायचं.

परत आल्यावर टूर कंपनीच्या फीडबॅक फॉर्मवर मी लिहून दिलं, 'व्हेगासची एक रात्र कमी करा आणि ती काठावर द्या.' दोन दिवसांनी फोन आला. बाई अगदी गोड बोलल्या, "काका, सूचना छान आहे, पण मग आउटलेट मॉलला वेळ उरत नाही, गेस्ट चिडतात."