०.२ मिमीच्या पट्टीवरून मिळालेला १ स्टार

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की आमचं स्पॉट वेल्डिंग मशीन (बॅटरीच्या सेलवर पट्टी वेल्ड करायचं) बोगस आहे, ०.२ मिमीची निकेल पट्टी बोटाने सुटते, पॉवर वाढवली तर सेललाच भोक पडलं आणि फोन कोणी घेत नाही. फोनचं आधी, दोन दिवस उचलला नाही ही चूक आमचीच, सॉरी.

आता पट्टीचं. आमच्या पेजवर "०.२ मिमी पर्यंत वेल्ड" लिहिलेलं ते निकेल चढवलेल्या स्टीलच्या पट्टीचं होतं आणि तसं स्पष्ट लिहिलं नव्हतं, तिथेच तुमची फसगत झाली. स्टीलला रेझिस्टन्स जास्त म्हणून ते पटकन तापून चिकटतं, प्युअर निकेलला त्याच जाडीला बराच जास्त करंट लागतो. तुम्ही प्युअर घेतलीत ते बॅटरी पॅकसाठी (अनेक सेल जोडून केलेल्या बॅटरीसाठी) बरोबरच आहे (पण दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, ओरखडा मारून मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज आला म्हणजे आत स्टील). ते वाक्य आज बदललंय.

भोकाचं मात्र मशीनवर ढकलू नका. तुमच्या व्हिडिओत वेल्डिंगचं दोन टिपांचं पेन अगदी हलकं टेकवलंय आणि ठिणग्या उडतायत, म्हणजे दाब कमी, मग उष्णता टिप आणि पट्टीच्या मधेच होते, वरून जळतं आणि खाली सेलला पट्टी धरतच नाही, आणि माणूस वैतागून पॉवर वाढवतो, तसंच झालंय. दोन्ही टिपा सारख्या दाबायच्या, मग पल्स (करंटचा क्षणभराचा झटका). टिप काळी पडली की बारीक पॉलिश पेपर मारा. आणि मशीनला करंट देणाऱ्या बॅटरीची ती वायर! हे मॉस्फेटवालं (म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवालं) मशीन स्वतः करंट बनवत नाही हो, बॅटरीचा करंट काही मिलिसेकंद सोडतं इतकंच, एवढ्या बारीक आणि लांब वायरमधून तो येणार कुठून.

वेल्ड झालं का बघायला भंगार सेलवर पट्टी पक्कडीने ओढा, पट्टी फाटून ठिपके सेलवर राहिले तर पक्कं.

खरं सांगायचं तर रोज पॅक बनवणाऱ्याला हे छोटं मशीन द्यायलाच नको होतं, आम्ही घेताना विचारलंच नाही. तुम्ही कॅपॅसिटरवालं (आधी वीज साठवून मग एकदम सोडणारं) बघा, पल्स एकसारखा येतो, मोठ्या ट्रान्सफॉर्मरवाल्यासारखा घरचा एमसीबी पाडत नाही. हे परत पाठवा, कुरिअर आमच्याकडून, पैसे परत घ्या नाहीतर मोठ्यात वळते करा, स्टार बदला न बदला तुमची मर्जी.

आणि तो भोक पडलेला सेल पॅकमध्ये अजिबात घालू नका, टेप लावून तर नाहीच. घराबाहेर मोकळ्यावर ठेवा, जळणारं काही जवळ नको, आणि नंतर बॅटरी रिसायकलवाल्याकडे द्या, कचऱ्यात टाकू नका.